पाठमोरी तपासणी

दिवाळी सरली की आमच्या वस्तीतली निम्मी घरं बंद व्हायची. वाशी तालुक्यातलं आमचं गाव. विहाराच्या मागच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती. तिथून ट्रॅक्टर निघायचे. खाली गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, चुलीचं सामान, त्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर पोरं. माझे माय-बापू मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. 'औंदा किती कोयते?' असं मुकादम विचारतो, किती माणसं असं विचारत नाही. आमची दोन एकर माळाची जमीन. पाऊस झाला तर तूर यायची, नाही तर गवत. म्हणून गुढीपाडव्यापर्यंत लांबच्या कारखान्याच्या रानात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, करून राहायचं, हे आमच्या घरी ठरलेलंच होतं.

मला शाळेसाठी चुलतीकडं ठेवायचे. धाकटी बहीण झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. तिलाही ठेवून घे म्हणून माय चुलतीच्या विनवण्या करायची. चुलती वाईट नव्हती, पण स्पष्ट होती.

"एक सांभाळीन. दोन न्हाय. मला बी चार हायत, त्यांच्या तोंडात काय घालू?"

म्हणून मी राहिले आणि ती माय-बापूंसोबत गेली. मी आज बी.ए. आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि त्याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही. पण दोघींपैकी एकीलाच जागा होती आणि ती मला मिळाली, हेही तितकंच खरं आहे.

ती दोन वर्षांची असताना तिला कोपीतच ताप भरला. जवळच्या गावातल्या औषधाच्या दुकानातून बाटली आणली. माय एक दिवस तिच्यापाशी बसली. दुसऱ्या दिवशी मुकादम कोपीच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "अर्ध्या कोयत्यानं गाडी भरत न्हाय, बाई." मायनं तिला बांधावर पाल्यात निजवलं आणि ती तोडायला लागली. चौथ्या दिवशी ताप उतरला. पोरगी वाचली म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. त्या तापानं जाताना काय नेलं, ते कळायला आम्हाला आठ वर्षं लागली.

बोलायला ती उशीर करत होती. 'मा', 'बा' आणि मला अक्का म्हणायचं तर नुसतं 'का'. मामा म्हणे पाच वर्षांचा झाल्यावर बोलला होता. तसंच हिचं, असं माय सगळ्यांना सांगायची. आणि फडावर तिचं काही अडायचंही नाही. फड म्हणजे तोडणी चालू असलेलं उसाचं रान. तिथं ट्रॅक्टरची धडधड, वर ड्रायव्हर पोरांचे साउंड बॉक्स. गाणं लावल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही असा त्यांचा समज आहे. त्या दणक्यात शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येत नाही. मोळी आण, पाणी दे, थांब, साप हाय, सगळं हातानं. सगळी टोळीच तिथं हातानं बोलते, त्यात हिचं निराळं काय दिसणार?

त्यातली एक रीत फार कडक होती. ट्रॅक्टर मागं घ्यायचा असला की ड्रायव्हर सीटवर वळून हात वर करायचा. मागं जेवढी माणसं असतील, पोरं धरून, त्या सगळ्यांनी बाजूला सरकून आपला हात वर करायचा. म्हणजे बघितलं, सरकलो. एक हात कमी दिसला तरी चाक हलायचं नाही. शेजारच्या टोळीतलं एक लेकरू चाकाखाली गेलं, तेव्हापासून बापूंनी ही रीत धाकटीच्या अंगात भिनवली. समोरच्याचा हात हलला की तिचा हात वर. चुकली तर पाठीत धपाटा, जमलं तर गुळाचा खडा. टोळीत तिचं कौतुक व्हायचं. "आमची पोरं वरडून वरडून ऐकत न्हायत, आन् ही बघा. नुस्ता हात दावला की झालं."

पाडव्यानंतर माणसं परत यायची, तेव्हा ती गावच्या शाळेत बसायची. तिथं हातानं कुणी बोलत नव्हतं. शेजारची पोरगी उठली की ही उठायची, तिनं वही काढली की ही काढायची. फळ्यावरचं चित्र काढल्यासारखं उतरवायची, पण विचारलं तर एक अक्षर नाही. गुरुजींनाच पहिल्यांदा शंका आली. ते वस्तीत आले आणि बापूंना म्हणाले, "हिच्या कानाचं एकदा बघून घ्या. तालुक्याला तपासणी शिबिर आहे." गुरुजी चांगले होते हे आधीच सांगते, कारण पुढं त्यांच्याबद्दल वेगळं लिहायचं आहे.

माझी तेव्हा नुकतीच दहावीची परीक्षा झाली होती. मीही गेले. हॉलच्या बाहेर उन्हात रांग, आत पंखा. टेबलावर एक छोटं यंत्र, टेबलापलीकडं तपासणारा आणि अलीकडं लेकरू, समोरासमोर. त्यानं तिच्या कानावर मोठे हेडफोन बसवले.

"आवाज आला की हात वर करायचा. सांगा तिला."

बापूंनी तिला खुणेनं सांगितलं: यांच्याकडं बघ, आणि हात वर. तिला एवढंही सांगायची गरज नव्हती. तपासणाऱ्याचं बोट बटणाकडं गेलं की हिचा हात वर. पुन्हा बोट, पुन्हा हात. ती अशी टक लावून बसली होती की मागची पोरं हसायला लागली. तपासणाऱ्यानं मान हलवली आणि कागदावर लिहिलं: दोन्ही कान ठीक. मागं रांग मोठी होती.

"एकबी चुकली न्हाय माझी बाय," बापू बाहेर येऊन भेटेल त्याला सांगत होते. स्टँडवर त्यांनी तिला भेळ घेऊन दिली. मलाही आनंद झाला. शिकलेली म्हणून मीच तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

त्या कागदानं माझ्या बहिणीला पुढं दोन वर्षं मार खायला लावला.

आता ऐकू येतं हे ठरलं होतं. मग हाकेला ओ का देत नाही? गुरुजी म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही. ही सोंग घेते." आणि त्यांनी छडी घेतली. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, "राणीसाहेबांना दहादा हाक मारावं लागतंय." पोरं तिला भिताड, म्हणजे भिंत, म्हणायची. माय दमून यायची आणि रागानं तिला लोटायची. मी काय केलं तेही लिहिते. एकदा चुलीवर दूध ठेवून मी अंगणात होते. ती चुलीपाशीच बसली होती, पाठ करून. मी चारदा ओरडले, "दूध बघ, दूध बघ." ती हलली नाही. सगळं दूध राखेत गेलं. मी आत गेले आणि तिचा कान पिरगळला. चांगला लाल होईपर्यंत. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. मला वाटलं, बघा, किती निगरगट्ट.

बारावी करून मी बी.ए.ला गेले. पहिल्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत टोळी नुकतीच फडावर पोचली होती. मायचं दुखणं निघालं म्हणून चार दिवस हाताखाली मी तिकडं गेले. कॉलेजची पोरगी फडावर आली म्हणून बायका चेष्टा करायच्या. "कोयता धरता येतो का पेनच?" मी म्हटलं, "दोन्ही." खरं तर कोयता येत नव्हता. मोळ्या बांधून माझे हात सोलले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर फडात उभा होता. इंजिन बंद होतं, त्यामुळं गाणंही बंद. ड्रायव्हर सीटवर बसून मोबाइल बघत होता. धाकटी ट्रॉलीच्या मागं वाढं गोळा करत होती. उसाचे हिरवे शेंडे ते वाढं, जनावरांना घालतात. ड्रायव्हरनं टोपी काढली आणि डोकं खाजवायला हात वर नेला. तशी ती झटकन बाजूला सरकली आणि तिनं हात वर केला.

सगळे हसले. "अगं, त्याला उवा झाल्यात, डोस्कं खाजवायलाय!" एक बाई ओरडली. ड्रायव्हरलाही मजा वाटली. त्यानं मुद्दाम परत हात नेला. हिचा हात परत वर. तो नाक पुसायला गेला, हिचा हात वर. लोक पोट धरून हसत होते आणि ती त्यांच्याकडं बघून, काहीतरी चांगलं केलं असं वाटून, हसत होती.

मी हसले नाही. मला तो तालुक्याचा हॉल दिसला. टेबल, बटण, ते बोट.

मी कोपीत गेले, परात आणि उलथनं घेतलं आणि परत आले. ती पाठमोरी वाकली होती. तिच्या डोक्यामागं हातभर अंतरावर मी परात बडवली. कोंबड्या उडाल्या. लांबचे लोक उभे राहून बघायला लागले. माय कोपीतून ओरडली, "डोकं फिरलं का गं तुझं?" धाकटी वाढं उचलत होती. मी अजून जोरात बडवली. तिनं पेंढी बांधली, वळली, आणि माझ्या हातात परात बघून जेवायची खूण केली: भूक लागली का?

परात माझ्या हातातून पडली. मग मी तिला जवळ घेतलं, एवढंच आठवतं.

बापूंना पटवणं सोपं नव्हतं. त्यांना स्वतःला वाचता येत नाही, त्यामुळं लिहिलेल्या कागदावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

"सायबानं लिहून दिलंय ते खोटं हाय व्हय?"

"सायबानं खोटं लिहिलं न्हाय, बापू. हिनं हात वर केला, तेवढंच त्यांनी लिहिलं. पन ही ऐकून हात वर करत नव्हती. बघून करत व्हती."

ते बराच वेळ कोयत्याची मूठ हातानं पुसत बसले. मग म्हणाले, "म्हंजे म्याच शिकवलं की तिला."

माय आतून म्हणाली, "शिकवलं म्हणून जित्ती हाय."

सकाळी बापूंनी मुकादमाला सांगितलं, दोन दिवस आमचा कोयता चालणार नाही. मुकादम म्हणाला, "एकदा तपासलंय की. पोरीचं बघून कुठं गाड्या थांबवता का?" बापू म्हणाले, "थांबवायच्या हायत." बापू मुकादमाला असं तोडून बोललेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. खिडकीवरच्या माणसानं आम्ही पेटीतून आणलेला जुना कागद बघून तो परतच दिला. "नॉर्मल आहे की. काय करायचं आता?" मी म्हटलं, परत तपासायचंय. तो म्हणाला, "ऐकू येत असलं तरी बहिरेपणाचा कागद पाहिजे असतो लोकांना, सवलतीसाठी. रोज येतात असले." माझ्या पायात साधी चप्पल, बापूंच्या धोतराला उसाचे डाग. त्यानं आम्हाला बघूनच काय ते ठरवलं होतं. मी तिथून हलले नाही. दुपारपर्यंत खिडकीसमोर उभी राहिले, तेव्हा आत पाठवलं.

आत एक मॅडम होत्या. त्यांनीही तिला समोर बसवलं.

"मॅडम, तिला पाठमोरं बसवा," मी म्हटलं.

"तू मला शिकवतेस का तपासणी?"

"न्हाय मॅडम. पन ती तुमचा हात बघून हात वर करील. आमच्या फडावर तशी रीत हाय." मग मी त्यांना ट्रॅक्टरचं सगळं सांगितलं. चेष्टा करतील असं वाटलं होतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि खुर्ची भिंतीकडं फिरवली.

आता धाकटीच्या तोंडासमोर भिंत होती आणि भिंतीला टेकून बापू उभे होते. हे माझ्या लक्षात आलं नाही, मॅडमच्याही नाही. मॅडमनी बटण दाबलं. यंत्रावर छोटा दिवा लागला. धाकटीचा हात मांडीवरच. परत दिवा. हात मांडीवर. तिसऱ्यांदा दिवा लागला आणि हिचा हात वर गेला. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

मी बापूंकडं बघितलं. त्यांचा उजवा हात छातीपर्यंत आला होता.

"बापू!"

"म्या काय केलं?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. दिवा लागला, पोरगी गप्प, चुकायली, एवढंच त्यांना दिसत होतं. आठ वर्षं ज्यानं तिला चाकापासून वाचवलं तो हात आपोआप वर निघाला होता.

"हात खाली ठेवा, बापू. तिला चुकू द्या."

"सगळंच चुकंल की ती."

"चुकू द्या."

मॅडम म्हणाल्या, बाहेर जाऊन बसायचं का? बापूंनी मान हलवली, नाही. त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले आणि भिंतीकडं तोंड केलं. मॅडमनी परत पहिल्यापासून सुरुवात केली. आवाज वाढवत नेला, वाढवत नेला. धाकटी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. एकदाही तिचा हात उठला नाही. अगदी शेवटी, सगळ्यात मोठ्या आवाजाला, तिनं डाव्या कानाला हात लावला आणि काय टोचलं म्हणून वळून बघितलं.

बापू अजून भिंतीकडंच तोंड करून उभे होते. त्यांची पाठ हलत होती.

पुढं मोठ्या दवाखान्यात तिला झोपवून मशिनवर तपासलं. तिथं हात वर करायचा प्रश्नच नव्हता. तेच निघालं. प्रमाणपत्र मिळालं. कानाचं यंत्र मिळालं, त्यानं डाव्या कानाला थोडी चाहूल लागते, जास्त नाही. गावात आलो तेव्हा बापू कागद घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी तो दोनदा वाचला. मग खुर्चीतून उठले.

"मी मारलंय तिला," ते म्हणाले.

"आमी बी मारलंय, गुर्जी," बापू म्हणाले. नंतर गुरुजींनीच कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेचा पत्ता काढला, फॉर्म भरला, आणि सोबत आले.

त्या शाळेच्या मैदानात पोरं हातानं भांडत होती. एक पोरगा दुसऱ्याची नक्कल करत होता, तिसरी मध्ये पडून दोघांना दटावत होती, सगळं हातानं, आणि राग, हसू सगळं तोंडावर दिसत होतं. धाकटी फाटकाजवळ थांबली. कितीतरी वेळ बघत राहिली. आम्ही निघालो तेव्हा तिनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. माय स्टँडपर्यंत रडली. "तिला आमची काई फिकीर हाय का बघ." मला मात्र बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा स्वतःसाठी कुठं तरी थांबली होती.

अकरा वर्षांची पोरगी दुसरीत बसली. वर्गात सगळ्यांत मोठी. पहिल्या वर्षाअखेर तिचं पत्र आलं, आमच्या घरातलं पहिलं पत्र: 'अक्का मी जेवले. तू ये. साबण आण.' मी ते बापूंना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. साबण मात्र कोणता आणायचा ते तिनं लिहिलं नव्हतं, म्हणून बापूंनी दोन प्रकारचे घेतले.

सगळं सरळ झालं असं नाही. ती सोळाची झाली तेव्हा मुकादम एक स्थळ घेऊन आला. मुलगा टोळीतलाच. "पोरगी कामाला वाघ हाय. बोलनार न्हाय, भांडनार न्हाय. नवा कोयता हुईल. कुठवर शिकवता बहिऱ्या पोरीला?"

मी बोलणार होते, पण माय आधी बोलली. "भांडत न्हाय व्हय? सुट्टीला येऊन बघा मग. हातानं अशी भांडती, की तुमाला पळता भुई कमी पडंल."

मुकादम हसला आणि बापूंकडं बघितलं. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. आमच्या वस्तीत त्या वयाच्या पोरींची लग्नं अशीच, ओसरीवर चहा पिता पिता ठरलेली मी पाहिली आहेत.

"तिला दहावी करायची हाय," बापू म्हणाले. "म्या तिला एकदा चुकू दिलंय. आता पास हू द्या."

मुकादमाला त्यातलं काही कळलं नाही. तो चहा पिऊन गेला.

माय-बापू अजून फडावर जातात. मी वाशीत लोकांचे फॉर्म भरून द्यायच्या केंद्रावर कामाला आहे. तपासणीचा कागद घेऊन कुणी आलं की मी लेकरू कसं बसवलं होतं ते विचारते. काहींना राग येतो. येऊ द्या.

यंदा माझी बहीण दहावी पास झाली. पहिल्याच खेपेला, सगळ्या विषयांत. आता अकरावीत तिचं नाव घातलं आहे, आणि त्या फॉर्मवर सही तिनं स्वतः केली आहे.